अंतरपाटाखालची पावलं

रामटेकच्या त्या लग्नाला घरची-दारची मिळून 38 माणसं होती आणि माझ्या पिशवीत 168 फोटोंपुरती फिल्म होती. पस्तीस मिलिमीटरचे चार रोल, प्रत्येकी 36 फोटोंचे. शिवाय जुन्या याशिका मॅटसाठी दोन मोठे रोल, प्रत्येकात 12 चौकोनी फोटो. बस. नागपूरच्या लॉनवरच्या लग्नांत डिजिटल कॅमेऱ्याने मी एका दिवसात चार-चार हजार फोटो काढलेले आहेत. त्यातले चेहरे आज मला आठवत नाहीत.

लहान लग्नांची गोडी मला 2021च्या एप्रिल-मेमध्ये लागली. तेव्हा सरकारी आदेशाने लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. दिवस वाईट होते, घराघरांत आजारपण होतं. पण त्या दोन तासांत स्टेजपुढे पाकिटं घेऊन उभी राहिलेली रांग नव्हती. मांडवातल्या प्रत्येकाला नवरीचं बारशाचं नाव कसं ठरलं ते ठाऊक होतं. निर्बंध उठले, लॉन पुन्हा भरली. मी मात्र तेव्हापासून अशी लग्नं शोधू लागले आणि ती फिल्मवर काढू लागले.

रामटेकच्या मुलीचा फोन आला तेव्हा तिने आधी स्वतःच्या लग्नाची गोष्टच काढली नाही. आई-बाबांच्या अल्बमबद्दल बोलत राहिली. त्यांचं लग्न 1987 सालचं, तिथलंच. अल्बम चिकट पानांचा, वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा पिवळा पडलेला. रंगीत फोटो सगळे तांबूस झालेले. आईचा हिरवा शालू विटकरी दिसत होता. पण काही फोटो कृष्णधवल होते आणि ते जसेच्या तसे. तिच्या बाबांना आठवत होतं की फोटोग्राफरकडे रंगीत रोल एकच होता, बाकी सगळं त्याने ‘इंदू’वर काढलं. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा हा रोल तेव्हा गावोगावच्या स्टुडिओंत असायचा. तो कारखाना आता बंद पडला आहे, फोटो टिकलेत.

त्याचं कारण साधं आहे. कृष्णधवल फिल्मवर आणि कागदावर चित्र उमटतं ते चांदीच्या कणांचं. रंगीत फोटोत शेवटी राहतात ते नुसते रंग. त्यातला निळसर रंग त्या काळच्या कागदावर आधी उडायचा, म्हणून जुने अल्बम लाल दिसतात. मुलगी म्हणाली, “ताई, माझ्या लेकरांना माझ्या आजीचा चेहरा दिसला पाहिजे.” मी लगेच हो म्हटलं.

लग्नाच्या चार दिवस आधी मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. हे मी नेहमी करते. कॅमेरा पिशवीतच ठेवते, चहा घेते, वहीत माणसं लिहून घेते. मुलाची आजी, मुलीचे दोन मामा, शेजारच्या काकू, पानमळ्यात काम करणारे बाबांचे जुने सोबती. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला यंदा दुःख झालंय, कुणाला उभं राहवत नाही. 38 नावांपुढे रेघ ओढली आणि ठरवलं, की प्रत्येकाचा निदान एक चांगला फोटो निघाला पाहिजे. चारशे पाहुण्यांच्या लग्नात हे होत नाही. अन् फोटो मोजके असले की कुणाला वगळून चालत नाही.

महिना मेचा. नागपूरकडचं ऊन म्हणजे पंचेचाळीसच्या घरातलं, आणि फिल्मला उष्णता सोसत नाही. मी रोल स्टीलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवून आणले. थंड रोल तसाच कॅमेऱ्यात भरला तर त्यावर दव धरतं, म्हणून तासभर आधी बाहेर काढून ठेवावा लागतो. हळद उघड्या अंगणात सकाळी सातला होती. तिथे रंगीत रोल वापरला. हळदीचा पिवळा रंग फिल्मवर जसा येतो तसा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. मांडव मात्र जांभळीच्या डहाळ्यांचा होता. हिरव्या पानांतून गाळून येणारा उजेड रंगीत फिल्मवर चेहरेही हिरवट करतो. तिथे कृष्णधवलच बरी.

मुलीचे थोरले मामा माझ्या मागेच उभे होते. “ताई, दाबा नं बटन. कायची वाट पाहून राहिल्या?” आजी नातीच्या मुंडावळ्या नीट करत होती, मी तिच्या हाताची वाट पाहत होते. हात कपाळाशी आला, थांबला, मी बटण दाबलं. मामा म्हणाले, “एकच?” मी म्हटलं, “एकच.” त्यानंतर ते स्वतःच मला हळूच सांगू लागले, “तिकडं पाहा, तिकडं.” त्यांनी दाखवलेल्या जागांतून या लग्नातले तीन उत्तम फोटो निघाले.

मुहूर्ताआधी दहा मिनिटं मी निकॉन एफएम-टूमध्ये तिसरा रोल भरला. हात घामेजलेले, आत भटजींनी ‘चला, चला’ सुरू केलेलं. फिल्मचं टोक स्पूलच्या फटीत घातलं, झाकण लावलं. लिव्हर ओढल्यावर डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते की नाही ते पाहायचं असतं. ती फिरली तरच आत फिल्म सरकतेय. वीस वर्षांत हे मी हजारदा केलं असेल. त्या दिवशी पाहिलं नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी याशिका घेऊन जमिनीवर बसले. त्यात वरून खाली वाकून पाहायचं असतं, काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. अंतरपाट जरा उंच धरलेला होता. त्याखाली दोन पाट, दोघांची पावलं, भोवती विखुरलेल्या अक्षता. एक फोटो घेतला. मग उठून एफएम-टू हातात घेतला आणि पुढचं सगळं त्यावर टिपलं: अंतरपाट दूर झाला तो क्षण, माळा, बाबांचे भरून आलेले डोळे, आजीने थरथरत्या हाताने टाकलेल्या अक्षता, कानपिळीला लाजलेला धाकटा भाऊ.

आकडा 36 झाला आणि लिव्हर पुढे सरकतच राहिली. 37. 38. 39. पोटात गोळा आला. खुंटी फिरवून पाहिली, ती सैल. कोपऱ्यात जाऊन काळ्या पिशवीत हात घालून झाकण उघडलं. फिल्मचं टोक स्पूलमधून निसटलेलं होतं, अख्खा रोल डबीत कोराच. मी पाहिलेलं काहीही फिल्मपर्यंत पोचलेलं नव्हतं.

पंगत बसायच्या आधीच मी मुलीच्या बाबांना सांगितलं. चूक माझी आहे, पैसे परत देते, असंही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हातातलं तुपाचं भांडं धरून उभे राहिले. मामांनी तोडगा काढला, पुन्हा माळा घाला, दोन मिनिटांचं काम. मुलाची आजी पाटावरूनच म्हणाली, “लग्न काय दोनदा लागते का बापा?” मलाही ते करायचं नव्हतं. खोटा अंतरपाट धरून काढलेला फोटो पुढची पन्नास वर्षं त्या घरात खरा म्हणून राहिला असता. मुलगी म्हणाली, “नका काढू ताई. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं ते.” मग पंगतीत मी एकेका माणसाजवळ बसून उरलेला रोल लावला.

ऊन उतरल्यावर नवरा-नवरी गडावर दर्शनाला गेली, मीही गेले. वाटेत केवल नरसिंहाच्या देवळापाशी थांबलो. पाचव्या शतकातल्या तांबड्या वालुकाश्मावर तिरपं ऊन आलेलं. आत वाकाटक राणी प्रभावतीगुप्त हिच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ कोरवलेला लेख आहे. झिजलेला, ओळी तुटलेल्या. तरी वाकाटकांविषयी लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही. शेवटचे चार फोटो मी त्या दगडी ओट्यावर बसलेल्या दोघांचे काढले.

कृष्णधवल रोल मी घरीच धुते. डेव्हलपर 20 अंशांवर हवा आणि मेमध्ये नळाचं पाणी हाताला चटका देतं, म्हणून रात्री बारानंतर बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवून काम केलं. पावलांचा तो फोटो स्वच्छ निघाला. अक्षतेचा दाणा न् दाणा मोजता येतो. तो दहा इंच चौकोनी कागदावर छापून दिला आणि सोबत सगळ्या निगेटिव्ह कागदी कप्प्यांत घालून दिल्या. मुलीच्या बाबांनी त्या 1987च्या निगेटिव्हच्या पाकिटाशेजारी, त्याच कपाटात ठेवल्या.

तुमच्याही घरी अल्बमच्या मागच्या खिशात असं एखादं पाकीट असेल. फोटो तांबडे झाले म्हणून ते टाकू नका. निगेटिव्हला बोटं न लावता कडेने धरा, प्लॅस्टिकमधून काढून कोऱ्या कागदात ठेवा, दमट भिंतीपासून दूर. आणि या पावसाळ्याआधीच करा.