साबूचं बाळंतपण

निफाडचा पारा किती उतरला, ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा माझे वडील, नाना, सकाळी मोठ्यानं वाचत आणि मग दिवसभर फारसं बोलत नसत. थंडी वाढली की द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घड कागदात गुंडाळावे लागतात. त्यासाठी आणलेल्या रद्दीचे गठ्ठे ओसरीवर रचलेले असत. घडांखेरीज त्यातला एक ताव कुणी दुसऱ्या कामाला घेतलेला नानांना खपत नसे.

साबू आमच्या पांढऱ्या उंदरांच्या जोडीतली मादी. ही जोडी धाकट्या भावानं नाशिकच्या मित्राकडून आणली होती. नराचं नाव खडू. नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "धान्याच्या घरात उंदीर मारायचे असतात, पाळायचे नसतात." आजी म्हणाली, "गणपतीचं वाहन आहे, राहू दे." नाना आजीच्या शब्दाबाहेर जात नसत, म्हणून जोडी राहिली. पण पिंजऱ्याकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही.

साबूला एकच वेड होतं, कागद फाडायचं. जाळीतून ताव आत सरकवला की ती त्याची कड दातांत धरी, पुढच्या पायांनी दाबून ओढी आणि बारीक, लांब पट्ट्या काढी. तासन् तास. मग त्या पट्ट्या तोंडात धरून कोपऱ्यात नेई, मधोमध बसून स्वतःभोवती वळवून घेई आणि शेवटी डोक्यावरही ओढून घेई. बाहेरून नुसता कागदाचा गोळा दिसायचा, दार कुठं तेही कळायचं नाही. खडूला यातलं काही येत नसे. तो आयत्या घरात शिरायचा. आजीच्या गोधडीचा कोपरा जाळीला टेकला, तर त्यातला कापूसही आत ओढला जाई. आम्ही सगळे याला खोडी म्हणायचो. उंदरांना आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त ऊब लागते, तीस अंशांच्या आसपासची हवा त्यांना मानवते, हे मी फार उशिरा वाचलं. घर थंड असलं तर तेवढी ऊब मिळवायला त्या इवल्या जिवाला घरट्याचाच मोठा आधार असतो.

जानेवारीतल्या एका रात्री वीज गेली. नाना गड्यांबरोबर बागेत शेकोट्या पेटवत होते. पहाटेला बोअरचं पाणी सोडायचं होतं, कारण जमिनीखालचं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असतं. इकडे साबूचे दिवस भरले होते. उंदरांना वीस दिवस पुरतात. संध्याकाळपासून ती घरटं उसकटून पुन्हा बांधत होती. मध्यरात्री मी कंदील धरून पाहिलं, तर घरट्याच्या बाहेर एक पिल्लू पडलेलं. सोललेल्या शेंगदाण्याएवढं, डोळे मिटलेले, अंगावर एक केस नाही, आणि हाताला गार. पाजताना आई मध्येच उठली की आचळाला धरलेलं पिल्लू असं बाहेर ओढलं जातं. गारठलेली पिल्लं आईला हाका मारतात, पण तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. हे तर हाका मारण्याच्याही पलीकडे गेलं होतं.

भाऊ पिंजरा उचलून चुलीकडे निघाला. आजीनं त्याला अडवलं.

"चुलीपाशी नगं. उकडलं तर ती पोरं टाकून पळंल."

तिनं निखाऱ्यात वीट तापवली, पालथा हात लावून पाहिली, गोणपाटात गुंडाळली आणि पिंजऱ्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली सारली. "अर्ध्याखालीच ठेवायची. नकोसं झालं तर तिला सरकाया जागा पायजे." मग पिल्लू मुठीत घेतलं आणि मूठ पदराआड छातीशी धरून बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पाय हलवतंय." पिल्लू घरट्याच्या तोंडाशी ठेवलं, तसं साबूनं ते आत ओढून घेतलं. खडूची रवानगी दुसऱ्या डब्यात झाली. बाळंतिणीच्या खोलीत त्याचं काय काम, असं आजीचं म्हणणं. तिला ठाऊक नव्हतं, पण व्यायल्यावर दिवसभरातच उंदराची मादी पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे तिचा हुकूम अगदी वेळेवर झाला.

विटा रात्रभर बदलायच्या असं मी ठरवलं आणि झोपायला नकार दिला. आजी रागावली नाही. माझ्याशेजारी येऊन बसली.

"तुझा बाप सातव्या महिन्यात झालेला," ती म्हणाली. "संक्रांतीच्या आधी. सुईण म्हनली, बारशाची घाई करू नका. मी कापसात गुंडाळला, अंगाशी बांधला. तुझा आजा इटा तापवून द्यायचा. सव्वा महिना मी त्याला जमिनीला टेकू दिला न्हाई."

नाना दारात उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलंच नाही. अंगाला धुराचा वास, पायांना चिखल. ही गोष्ट त्यांना आधी माहीत होती की नाही, मी कधी विचारलं नाही. ते खाली बसले, ओसरीवरच्या गठ्ठ्यातून एक ताव ओढला आणि त्याच्या पट्ट्या फाडू लागले. त्यांच्या जाडजूड बोटांना त्या साबूसारख्या बारीक साधेनात. तरी फाडत राहिले आणि एकेक करून जाळीतून आत सोडत गेले.

दोन पिल्लं दगावली. बाकीच्यांच्या पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसायला लागलं, तेव्हा आजी निश्चिंत झाली. दोन आठवड्यांत पिल्लांचे डोळे उघडले.

माझी लेक विचारते, साबू थंडीनं मेली का? नाही. ती वयानं गेली. उंदराला दीड-दोन वर्षांचंच आयुष्य असतं. नानांनी तिला बागेच्या बांधावर पुरलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आजीच्या शेवटच्या हिवाळ्यात तिचे पाय काही केल्या गरम होत नसत. नाना रोज रात्री वीट तापवत, गोणपाटात गुंडाळून आणत. आजीची नजर आता अधू झाली होती, पण ती प्रत्येक वेळी हातानं चाचपून बघायची.

"पुरी लावलीस का रं?"

"एकाच पायाला लावलीय. सरकायला जागा आहे."

"आन् कापूस?"

"तोही आणलाय. तू आता बोलू नकोस, झोप."

"तू बी झोप. लई जागलास."

नाना झोपत नसत.