बाकावरची जागा

२७ मे २०२५ च्या रात्री लखनौच्या मैदानावर जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, बंगळूरू संघाने २२८ धावांचे लक्ष्य आठ चेंडू राखून गाठले, आणि अमरावतीत आमच्या गल्लीत फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी विभागात आम्ही दोघे समोरासमोर बसलो तेव्हा आमच्यापैकी एकाच्या चेहऱ्यावर विजयी हसू होते. त्याला कारणही होते. नऊ वर्षांपूर्वीचा एक वाद त्या रात्री निकालात निघाला, असे त्याला वाटत होते. दुसऱ्याला तसे वाटत नव्हते, आणि अजूनही वाटत नाही. प्रस्तुत लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. त्यात कोठे सूर जुळला नाही तर वाचकांनी ते गृहीत धरावे.

मराठीच्या अध्यापकांनी क्रिकेटवर लिहावे का, असा प्रश्न कोणी करील. ज्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि ज्या मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या गावात खेळाविषयी मत नसणे हेच जरा चमत्कारिक मानले जाते. असो.

वाद असा होता. २०१६ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने जितेशला दहा लाखांना घेतले. त्याच्या आधीच्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने एका शतकासह तीनशेहून अधिक धावा काढल्या होत्या. वय बावीस, यष्टिरक्षक, विदर्भाचा सलामीवीर. हात चांगला, पण मोठ्या मैदानावरचा अनुभव शून्य. मुंबईकडे त्या वेळी पार्थिव पटेल आणि जोस बटलर हे दोन यष्टिरक्षक होतेच. म्हणजे हा मुलगा खेळवण्यासाठी घेतलेला नव्हता, घडवण्यासाठी घेतला होता. २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम तो बाकावर बसला. एकही सामना मिळाला नाही. मग चार वर्षे आयपीएलमध्ये तो कोठेच नव्हता.

अशा कच्च्या खेळाडूला संघाने घ्यावे का? आमच्यापैकी एकाचे म्हणणे, घ्यावे. दहा लाखांत काय जाते? दुसऱ्याचे म्हणणे, पैसे जात नाहीत, जागा जाते. संघात जास्तीत जास्त पंचवीस जण. मैदानात अकरा, आणि २०२३ पासून त्यांच्या जोडीला एक बदली खेळाडू. उरलेल्या जागांवर तयार माणूस बसवला तर एखाद्याचे बोट मोडले की दुसऱ्या दिवशी तो उभा राहतो. कच्चा मुलगा उभा राहत नाही. संघ म्हणजे धर्मशाळा नव्हे!

या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मुंबईनेच दिला. जितेश बाकावर असताना, २०१७ साली, ती स्पर्धा मुंबईने जिंकली. मग त्याला खेळवले नाही म्हणून तिचे काय बिघडले? आणि पुढे जितेश पिकला तेव्हा पीक कोणाच्या खळ्यावर गेले? २०२२ मध्ये पंजाबने त्याला वीस लाखांत घेतले. तोवर तो सलामी सोडून शेवटच्या षटकांत हाणामारी करणारा फलंदाज झाला होता. २०२३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०२४ च्या अखेरच्या लिलावात बंगळूरूने अकरा कोटी मोजले आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवले. पेरले एकाने, कापले तिसऱ्याने. ज्या विदर्भाने त्याला वाढवले ते सोडून तोही २०२५ मध्ये बडोद्याला गेला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रश्न आमच्याहून फार जुना आहे. तेथे क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, आणि महाविद्यालयातून आलेला पोरगा त्या जागेसाठी बहुधा कच्चाच असतो. ग्रीन बे पॅकर्सने २००५ साली चोविसाव्या क्रमांकावर ॲरन रॉजर्सची निवड केली. ब्रेट फार्व्हसारखा दिग्गज समोर असताना त्याला तीन हंगाम बसवून ठेवले, २००८ मध्ये सूत्रे दिली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला. पण तेथे निवडलेला खेळाडू काही वर्षे कराराने त्या संघाशी बांधलेला असतो. आपल्याकडे तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मूठभर खेळाडू सोडले तर सगळे पुन्हा बाजारात. अशा व्यवस्थेत आंब्याची कलमे कोण लावणार? जो तो मेथी-कोथिंबीरच लावील. दोष संघमालकांच्या दृष्टीत जेवढा आहे त्याहून अधिक या नियमात आहे, एवढ्यावर आम्हा दोघांचे एकमत आहे.

१७ मे २०२३ ला धरमशालेत एक गंमत घडली. पंजाबकडून अकोल्याचा अथर्व तायडे ५५ धावांवर खेळत होता. धावगती वाढवायची म्हणून त्याला ‘निवृत्त बाद’ करून परत बोलावले, आणि त्याच्या जागी कोण आला, तर अमरावतीचा जितेश. तो शून्यावर बाद झाला. सामना पंधरा धावांनी गेला. आत्ता हवे की पुढे हवे, या प्रश्नाला त्या दिवशी दोन्हीकडून वऱ्हाडीच माणूस उभा होता. आम्ही मात्र त्या संध्याकाळी एकमेकांशी बोललो नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. ज्या वर्षी जितेश मुंबईच्या बाकावर बसला त्याच वर्षी आमच्याकडे पीएच.डी.ची एक जागा रिकामी होती. मार्गदर्शकाकडे जागा मोजक्याच असतात, आणि एक भरली की चार-पाच वर्षे भरलीच. दोन अर्ज आले. एक शहरातली मुलगी. नेट उत्तीर्ण, आराखडा टंकलिखित, संदर्भ चोख. दुसरा दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला मुलगा. त्याच्या आराखड्यात ‘ण’ आणि ‘न’ यांची सरमिसळ होती, वाक्ये अर्ध्यावर तुटत होती. पण पिशवीत दोनशेपानी दोन वह्या होत्या, आजीच्या तोंडून उतरून घेतलेल्या ओव्यांच्या आणि दंडारीतल्या गाण्यांच्या. “सर, मले लिहिता येत नाही बराबर, पन आजीले अजून लय येते,” तो म्हणाला.

आमच्यापैकी जो आज जितेशच्या बाजूने बोलतो त्यानेच त्या दिवशी मुलीच्या नावावर सही केली. दुसऱ्याने अर्थातच दुजोरा दिला. निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. प्रबंध वेळेत पूर्ण झाला, उत्तम झाला, ग्रंथालयात आहे. मुलगी आता प्राध्यापक आहे. जितेशचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे कारण तो यशस्वी झाला. दहा लाखांत घेतलेल्या आणि पुढे कोठेच न दिसलेल्या मुलांची नावे आम्हालाही आठवत नाहीत. तरीही त्या मुलाला शिकवायला लागली असती ती दोन वर्षे आमच्याकडे नव्हती काय? होती. ती आम्ही उजळणी वर्गांत आणि समित्यांच्या बैठकांत घालवली. कच्च्याला घ्यायचे तर घेणाऱ्यानेही राबावे लागते, आणि नेमके तेच आम्हाला नको होते.

यंदा पुन्हा एक जागा रिकामी होते आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघे दर्यापूरला गेलो. तो एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे, दोन मुले आहेत. आम्हाला पाहून गडबडला, खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. आजी वारल्याला सहा वर्षे झाली. जरा वेळाने आमच्यापैकी एकाने वह्यांचे विचारले.

“एकीले वाळवी लागली, सर,” तो म्हणाला. “दुसरी हाय. घरी कोठीत हाय. आनू का?”