विदूषकाची तसबीर

इतिहास ज्यांच्या तसबिरी जतन करतो त्यांत राजे, सेनापती, धर्मोपदेशक आणि मुत्सद्दी यांचीच दाटी असावी हे स्वाभाविक आहे. कारण चित्रकारापुढे तासन्‌तास बसण्याची फुरसत, त्याचे मोल चुकते करण्याची ऐपत आणि आपला चेहरा पुढील पिढ्यांनी पाहिलाच पाहिजे असा विश्वास, या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी विपुल असतात. परंतु तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे कागदावर छापून अल्प मोलाने विकण्याची विद्या युरोपात रुजली, तेव्हा या दरबारी मंडळींच्या शेजारी, कोणी आवतण दिलेले नसता, एक उपटसुंभ इसम येऊन उभा राहिला. त्याने स्वतःची तसबीर काढवून घेतली नव्हती. ज्यांना तो हसवीत असे त्या लोकांनीच ती मागितली होती.

या आगंतुकांची पहिली थोर मिरवणूक मांडली ती नॅन्सीच्या झाक कालो या चित्रकाराने. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या आश्रयाखाली काही वर्षे काढून तो १६२१ साली स्वदेशी परतला आणि त्याच सुमारास त्याने इटलीतील मुखवटेधारी नटांच्या चोवीस चित्रांची एक माला सिद्ध केली. एकेक चित्र तळहाताएवढे. पुढे दोन नट, नाके लांबलचक, अंगे अशी पिळलेली की त्यांत हाडे आहेत की नाहीत याचा संशय यावा. आणि त्यांच्या तंगड्यांच्या कमानीतून दिसणारी, दूरवरची, बारीक माणसांची गर्दी. पत्र्यावर नेहमीचे मऊ मेण न चढविता ल्यूट नावाच्या तंतुवाद्याचे कारागीर वापरीत तसले कठीण रोगण कालोने चढविले, त्यामुळे त्याची रेषा फुगते, निमुळती होते, पण फुटत म्हणून नाही. त्या नटांचा लवचीकपणा कागदावर टिकला याचे श्रेय बऱ्याच अंशी या रोगणास आहे.

या इटालियन कुळाची एक शाखा लंडनात वाढली, आणि तिचा सर्वांत कीर्तिमान वंशज म्हणजे १८ डिसेंबर १७७८ रोजी जन्मलेला जोसेफ ग्रिमाल्डी. त्याचा बाप इटलीहून आलेला नृत्यशिक्षक. आणि पोर वयाच्या तिसऱ्या वर्षीच रंगभूमीवर उभे केलेले. त्या काळी लंडनात बोलके नाटक करण्याची राजाची सनद ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोनच नाट्यगृहांपाशी होती; उन्हाळ्यापुरता हेमार्केटचा अपवाद सोडला, तर बाकीच्यांस नाच, गाणे, कसरत आणि मूकाभिनय यांवरच गुजराण करावी लागे. ग्रिमाल्डी ज्या सॅडलर्स वेल्समध्ये वाढला ते असेच सनदेवाचून राहिलेले नाट्यगृह. सरकारने जिभेवर जप्ती आणली, तेव्हा भुवया, कोपर आणि गुडघे बोलू लागले. आणि चित्रालाही वाचा नसल्यामुळे या बिनबोलक्या कलेची आणि छापील कागदाची सोयरीक सहज जुळली.

त्याच्या आधीचा क्लाऊन हा लाल गालांचा गावंढळ नोकर असे. ग्रिमाल्डीने सबंध तोंडाला सफेदा फासला, दोन्ही गालांवर लाल त्रिकोण काढले आणि भडक रंगांचा पोशाख चढविला. चित्रकारास याहून सोपा आणि ग्राहकास याहून ओळखीचा चेहरा मिळणे कठीण होते. २९ डिसेंबर १८०६ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘हार्लेक्विन आणि मदर गूज’ रंगभूमीवर आले, त्याचे ब्याण्णव प्रयोग झाले, आणि तो चेहरा सर्वतोमुखी झाला. छापील चित्रांत तो सॉसेज पळवितो, खिशात हंस कोंबतो. विक्रमोर्वशीयातील विदूषकास उगवता चंद्रही मोदकासारखा दिसतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या खादाडपणाचे नवल वाटणार नाही. पण ग्रिमाल्डीची भूक केवळ पोटाची नव्हती. १८१२ साली त्याने कोळशाची घमेली पायांत बूट म्हणून घालून आणि स्त्रियांचा हात उबविण्याचा केसाळ मफ टोपीसारखा डोक्यावर ठेवून हुसार घोडेस्वारांच्या डामडौलाची अशी रेवडी उडविली की नेपोलियनशी झुंजणाऱ्या राष्ट्रास आपल्याच लष्करी पोशाखाचे हसू आले.

१८११ पासून विल्यम वेस्ट याने मुलांच्या खेळण्यातील नाट्यगृहासाठी नटांच्या चित्रांचे ताव छापण्यास प्रारंभ केला. त्या धंद्यात पुढे रूढ झालेला भाव साध्या तावास एक पेनी आणि हाताने रंगविलेल्यास दोन असा होता. मुले ती चित्रे कातरीत, पुठ्ठ्यावर डकवीत आणि घरच्या मेजावर नाटक मांडीत. राजाच्या तसबिरीस भिंत मिळते. क्लाऊनला मुलांची खळ लागलेली बोटे मिळाली.

मग तो दुःखी विदूषक आला कोठून? ग्रिमाल्डीच्या आयुष्यात दुःखास तोटा नव्हता हे खरे. पहिली पत्नी प्रसूतीत गेली, उड्या आणि आपट्यांनी सांधे निकामी झाल्यामुळे पंचेचाळिशीच्या आतच रंगभूमी सुटली, १८२८ च्या निरोपाच्या प्रयोगात त्यास खुर्चीवर बसून गावे लागले, १८३२ साली एकुलता मुलगा वारला, आणि अखेरच्या दिवसांत शेजारच्या गुत्त्याचा मालक त्यास पाठुंगळी घेऊन घरी पोचवीत असे. १८३७ साली तो निवर्तला. पुढच्याच वर्षी त्याच्या आठवणी तरुण चार्ल्स डिकन्सने संस्कारून प्रसिद्ध केल्या, जॉर्ज क्रुकशँकने त्यांत चित्रे घातली, आणि त्या खुर्चीवरच्या शेवटच्या गाण्याचेही एक चित्र झाले. उदास रोग्यास वैद्य ‘ग्रिमाल्डीचा खेळ पाहा’ असे सांगतो आणि रोगी ‘तो मीच’ म्हणतो, ही दंतकथा तर इतर विदूषकांच्या नावावरही खपली आहे. तेव्हापासून सफेद्याखाली अश्रू शोधणे हे रसिकतेचे लक्षण मानले जाऊ लागले.

मला मात्र ही करुणा किंचित कृपणपणाची वाटते. राजाची तसबीर पाहताना त्याच्या संधिवाताची चौकशी कोणी करीत नाही. मग ज्याने हसविले त्याच्याच हास्यावर, ते मुळी खरे नव्हते, असा शेरा आपण का मारावा? ग्रिमाल्डीचे दुःख खरे होते, पण ते त्याच्या घरचे होते. लोकांपुढे ठेवण्याजोगे म्हणून त्याने जे घडविले, त्यासाठी बालपणापासून हाडे झिजविली, ते हास्यच होते. एका पेनीच्या त्या तावाने हे जाणले आणि त्यास सॉसेज पळवितानाच अमर केले. तेव्हा वाचकहो, अशी एखादी तसबीर कोठे दृष्टीस पडली, तर विदूषकाचा हक्क आधी पोचता करा: प्रथम मनमुराद हसा, आणि मग वाटल्यास त्याची कीव करा.