ब्लीकलोची ओल

मँचेस्टरहून पूर्वेला निघालं की तासाभरात ब्लीकलोचं पठार लागतं. उंची अवघी ६३३ मीटर. पण वर वारा असा सुटलेला असतो, की दुर्बीण डोळ्यांना लावायची तर आधी पाय रोवून उभं राहावं लागतं. झाड नाही, आडोसा नाही. पायाखाली पीट. पाण्यात राहिल्यामुळे पुरतं न कुजलेल्या शेवाळाचे हे काळे थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतात. हजारो वर्षांची साठवण आहे ती.

हे पीट नासलं कसं, ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे वळल्या. आपल्या गाठी मुंबईहून बोटीनं इकडे येत होत्या. इथल्या धुराड्यांतली काजळी आणि गंधक पश्चिमेच्या वाऱ्यानं या माळावर पडत होतं. स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरणारं स्फॅग्नम शेवाळ त्या गंधकाच्या आम्लानं मेलं. पुढे वणवे लागले, मेंढ्या चरल्या, पीट उघडं पडून पावसासरशी वाहून गेलं. वऱ्हाडातला शेतकरी आणि हा माळ, दोघांनाही त्याच गिरण्यांनी पिळलं, असं मला इथे उभं राहिल्यावर वाटतं.

२००३ पासून ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ या प्रकल्पाचे लोक इथे राबताहेत. हेलिकॉप्टरनं चुना आणि गवताचं बी टाकलं, घळींत दगडांचे आणि नारळाच्या काथ्याच्या वळकट्यांचे बांध घातले. आपल्याकडचं नालाबंडिंगच ते. स्फॅग्नमची रोपं मात्र हातानंच लावावी लागतात, ओणवं होऊन, चिखलात. बांधामागे पाणी साचलं, कॉटनग्रासचे पांढरे तुरे डोलू लागले.

आता पाखरांकडे येतो. कर्ल्यू वसंतात इथे विणीला येतो. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात दिसतो तोच, फक्त तिथली पाखरं आशियाच्या उत्तरेकडून उतरतात. पण माझा जीव जडलाय तो सोनेरी चिखल्यावर. पाठीवर सोनेरी ठिपके, विणीच्या दिवसांत पोट काळं, आणि एकाच सुराची उदास शीळ. त्याची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली, की दिवसभरातच घरटं सोडतात आणि स्वतःचं अन्न स्वतः टिपतात. हे अन्न म्हणजे मुख्यतः क्रेन फ्लाय, लांब तंगड्यांची, न चावणारी माशी. तिच्या अळ्या पीटच्या वरच्याच थरात असतात आणि तिथली ओल गेली, की मरतात. ऑगस्टमध्ये माळ तापला, तर त्याची झळ त्याच वर्षी दिसत नाही. पुढच्या मे-जूनमध्ये माश्या कमी निघतात आणि पिल्लं उपाशी राहतात.

हे कळल्यापासून मी माळावर पोचलो, की आधी बांधांमागचं पाणी बघतो. बोटांनी शेवाळ दाबतो. गार पाणी मनगटापर्यंत ओघळलं, तर जीव भांड्यात पडतो. उन्हाळे आता तापत चाललेत, आणि अजून कितीतरी घळी उघड्याच आहेत. तिथे आधी दगड पोचायला हवेत.