थ्रेड : टर्मिनल नावाची नक्कल आणि सुहूर सन ओळखणारी एक स्क्रिप्ट

मंडळी, आजच्या थ्रेडमध्ये दोन जुन्या गोष्टी एकत्र येत आहेत. एक, अठराव्या शतकातील मराठी पत्रांवरची कालगणना. दुसरी, कागदावर टकटक करीत अक्षरे उमटवणारे टेलिटाइप यंत्र. दोहोंना जोडते ती मी एम.ए.च्या प्रबंधासाठी लिहिलेली सुमारे चाळीस ओळींची स्क्रिप्ट. ती टर्मिनलच्या खिडकीत चालते आणि पत्रातील वर्ष ओळखून त्यावर खूण करते. थ्रेड लांब आहे. चहा घेऊन बसावे.

आधी कालगणना. पेशवेकालीन पत्रांत वर्ष पुष्कळदा आकड्यांत नसते. 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' असे ते अरबी संख्याशब्दांत येते. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार. एकं आधी, हजार शेवटी. बेरीज ११६१. हा सुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसाल असेही नाव आहे. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे.

एका वर्षाचा फरक किरकोळ वाटेल. आता हे पाहा. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले ती तारीख १० जानेवारी १७६०, सुहूर सन ११६०. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ चा, सुहूर सन ११६१. सरसकट ५९९ मिळवत गेलो, तर पानिपत जानेवारी १७६० मध्ये येऊन बसते, म्हणजे दत्ताजींच्या खऱ्या मृत्युदिनानंतर अवघ्या चार दिवसांनी. मधले अख्खे वर्ष, उदगीरची लढाई, भाऊसाहेबांची उत्तरेकडील कूच, कुंजपुरा, सारे काही त्या चार दिवसांत चिरडून जाते. कोणाला कोणती बातमी केव्हा कळली, यावरच ज्या प्रबंधाचा डोलारा उभा आहे, त्याला असली बेरीज परवडत नाही.

माझ्याकडे छापील साधनग्रंथांतून टंकून घेतलेल्या पत्रांच्या शेकडो साध्या मजकूर-फाइली आहेत. एखादे नाव त्या सगळ्यांत एकाच वेळी शोधायचे, तर टर्मिनलमध्ये एक आज्ञा पुरते. म्हणून माझा बराचसा दिवस त्या काळ्या खिडकीसमोर जातो. तिथेच तारखांची खूण मिळाली तर बरे, एवढीच मूळ इच्छा होती. पण स्क्रिप्ट लिहिण्यासाठी खिडकीच्या आत डोकावले, तर तिथे आणखी एक दप्तर निघाले.

टर्मिनल एम्युलेटर या शब्दातला 'एम्युलेटर' म्हणजे नक्कल करणारा. कोणाची नक्कल? बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सची जडणघडण सुरू झाली. तेव्हा संगणकाशी बोलण्याचे नेहमीचे साधन टेलिटाइप हे होते. १९६३ साली बाजारात आलेले मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे कागदावर ठोकत असे. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते या टेलिटाइपचेच लघुरूप. ओळ संपल्यावर छापणारा भाग डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे, या दोन यांत्रिक क्रियांना दोन वेगळे संकेत होते. कागद गेला, तरी दोन्ही संकेत आपल्या फाइलींत नांदताहेत. सातव्या क्रमांकाचा संकेत यंत्रातली खरीखुरी घंटा वाजवत असे. आजही तो पाठवला की खिडकी 'टिंग' करते.

मग पडदा आला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ चे. २४ ओळी आणि ८० स्तंभ. या ८० चा आकडा त्याहून जुना आहे, तो आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रापर्यंत मागे जातो. कागदावर न लागणाऱ्या गोष्टी पडद्यावर लागू लागल्या. कर्सर अमुक जागी न्या, ओळ पुसा, अक्षरे ठळक करा. या आज्ञांसाठी 'एस्केप' या संकेताने सुरू होणारी चिन्हांची भाषा ठरली. तिचे युरोपीय मानक १९७६ चे, अमेरिकी १९७९ चे. तुमच्या खिडकीत लाल अक्षर दिसते, तेव्हा प्रोग्रामने पाठवलेले असते ते एस्केप, चौकटी कंस, ३१ आणि एम. अक्षरे आणि आज्ञा एकाच प्रवाहातून वाहत येतात. त्या वेगळ्या करणे हे टर्मिनलचे पहिले काम.

१९८४ साली सुरू झालेला एक्सटर्म हा प्रोग्राम आणि त्यानंतरचे बहुतेक सारे, या व्हीटी घराण्याच्याच नकला आहेत. ज्याची नक्कल करायची ते यंत्र संग्रहालयात गेले, नक्कल मात्र घराघरात चालू आहे. दशावतारातल्या सोंगासारखे. खरा रावण कोणी पाहिलेला नाही, पण त्याने कसे चालावे हे सगळ्यांना ठाऊक असते.

टर्मिनल ही केवळ दाखवण्याची वस्तू न राहता तिला स्वतःची थोडी बुद्धी असावी, हा विचारही जुनाच. बेल लॅब्जमध्येच रॉब पाइक आणि बार्ट लोकांथी यांनी १९८२ च्या सुमारास ब्लिट नावाचे टर्मिनल घडवले. त्यात मुख्य संगणकावरून छोटे प्रोग्राम उतरवून घेता येत आणि ते टर्मिनलमध्येच चालत. पुढे याच वाटेने सॉफ्टवेअरमधील टर्मिनले गेली. आरएक्सव्हीटी-युनिकोडमध्ये पर्ल भाषेचा दुभाषी बसवलेला आहे, वेझटर्मला लुआ कळते आणि मी वापरते त्या किटीला पायथन. किटीचे कर्ते कोविद गोयल, म्हणजे ई-पुस्तकांसाठी आपल्यापैकी पुष्कळजण वापरतात त्या कॅलिबरचे कर्ते. किटीच्या पुरवण्यांना त्यांनी 'किटन' म्हटले आहे. मांजर आणि तिची पिल्ले.

यातले एक तयार पिल्लू 'हिंट्स' नावाचे आहे. कळ दाबली की ते पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरातले वेबपत्ते हुडकते आणि प्रत्येकाला एक अक्षर चिकटवते. ते अक्षर दाबले की तो पत्ता निवडला जातो. काय हुडकायचे आणि निवडल्यावर काय करायचे, हे आपण बदलू शकतो. पायथनच्या एका फाइलीत दोन फंक्शने लिहायची. पहिल्याला पडद्यावरचा मजकूर मिळतो आणि ते खुणांच्या जागा सांगते. दुसरे निवडीनंतर चालते. माझे दुसरे फंक्शन निवडलेले वर्ष मूळ शब्दांसह तारखांच्या वहीत, म्हणजे आणखी एका मजकूर-फाइलीत, शेवटी जोडते. हे दुसरे फंक्शन टर्मिनलच्या मुख्य प्रक्रियेत चालते आणि त्याला सगळ्या खिडक्यांवर अधिकार असलेली एक वस्तू दिली जाते. तिचे नाव चक्क 'बॉस'. म्हणून दुसऱ्याची स्क्रिप्ट न वाचता आपल्या टर्मिनलमध्ये घालू नये. दप्तराच्या किल्ल्या ओळख न पटवता कोणी देत नाही.

मार्गदर्शिकेतला नमुना शब्द शोधण्यासाठी उलटी तिरपी रेघ आणि डब्ल्यू हे चिन्ह वापरतो, म्हणजे 'शब्दातले कोणतेही अक्षर'. इंग्रजी मजकुरावर ते चोख चालते. आमच्या 'सितैन'वर चालवले, की हाती येतात तीन तुकडे : स, त, न. पायथनच्या या साच्याच्या लेखी वेलांटी आणि मात्रा ही शब्दातली अक्षरेच नाहीत. युनिकोडमध्ये ही चिन्हे 'अक्षर' या वर्गात न बसता 'जोडचिन्ह' या वर्गात बसतात आणि पायथन अक्षरे व अंक तेवढेच शब्दात धरतो. गंमत अशी की, तोच पायथन देवनागरी अंकांना मात्र बिनतक्रार मानतो. '१६८२' हा मजकूर संख्या करून मागितला, तर तो निमूट सोळाशे ब्याऐंशी देतो. अंकांना दरबारात मान आणि वेलांटी दाराबाहेर!

उपाय अवघड नाही. देवनागरीचा १२८ जागांचा पट्टा साच्यात स्वतः लिहायचा आणि त्यातून दंड वगळायचा, कारण पूर्णविरामाची ती उभी रेघही त्याच पट्ट्यात राहते. पण उपाय सोपा असल्याने प्रश्न लहान ठरत नाही. 'शब्द' म्हणजे काय, याची व्याख्या आपल्या भाषेला न विचारता साधनात घालून ठेवलेली असते आणि साधन चूक झाल्याचे सांगतही नाही. ते शांतपणे तीन तुकडे हातावर ठेवते.

हीच कथा चौकोनांची. व्हीटी१०० च्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला एक चौकोन होता आणि आजचे टर्मिनलही मजकूर चौकोनांतच मांडते. कोणत्या चिन्हाला किती चौकोन द्यायचे हे एक कोष्टक ठरवते. केंब्रिजच्या मार्कुस कुन यांचे असे कोष्टक पुष्कळ प्रोग्रामांनी उचलले. त्यात 'ै'ला शून्य चौकोन आहेत, पण 'ि'ला एक. मग वेलांटी आपल्या व्यंजनापासून सुटून शेजारच्या घरात उभी राहते आणि पत्र वाचताना डोळे शिणतात. दिलासा एवढाच की मोडते ते रूप. आतला संकेतांचा क्रम शाबूत असतो आणि स्क्रिप्टला तोच मिळतो. डोळ्यांना फुटका दिसणारा 'सितैन' तिला अखंड दिसतो.

आता साच्याकडे. खमस म्हणजे पाच आणि खमसैन म्हणजे पन्नास. सलास तीन, सलासीन तीस. लहान शब्द मोठ्याच्या पोटात आहे, म्हणून यादीत मोठे आधी घ्यावे लागतात, अन्यथा पन्नासाचे पाच होतात. त्यात प्रत्येक संपादकाचे लेखन वेगळे, कुठे सितैन तर कुठे सितेन. ती रूपे मी फाइली वाचता वाचता जमवली आणि अजूनही नवी सापडतात. 'शके' या शब्दापुढचा आकडा धरण्यातही मेख आहे. शालिवाहन शक १६८२ मध्ये ७८ किंवा ७९ मिळवले की झाले. पण 'राज्याभिषेक शके ८७' असेल, तर हीच बेरीज आपल्याला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सातवाहनांच्या दारात नेऊन सोडते. म्हणून साचा चार अंकांखेरीज शकाला हातच लावत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेगळ्याच निर्णयात. स्क्रिप्टने ५९९ मिळवावे की ६००? माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे होते की, पत्रात 'छ' लिहून चांद्र महिना आणि तारीख दिलेली असतेच, ती वाचून स्क्रिप्टनेच निकाल लावावा. म्हणणे रास्त दिसते. परंतु मृगसाल सौर आणि महिने हिजरी चांद्र. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी आखूड. त्यामुळे मोहरम प्रत्येक मृगसालात वेगळ्या जागी पडतो. इतकेच नव्हे, एखादी चांद्र तारीख एकाच मृगसालात दोनदाही येऊ शकते, वर्षाच्या आरंभी एकदा आणि अखेरीस पुन्हा. अशा पत्राचा निकाल जंत्री, वार आणि पत्रातला मजकूर समोर ठेवूनच लावावा लागतो.

म्हणून माझी स्क्रिप्ट एक वर्ष कधीच सांगत नाही. 'इहिदे सितैन मया व अलफ' यावर ती '१७६०-६१' अशी खूण करते. शतक गाळून नुसते 'इहिदे सितैन' लिहिलेले असेल, तर शब्द रंगवते आणि वर्षाची जागा रिकामी ठेवते. ती रिकामी जागा मला पडद्यावर दिसत राहावी, असा माझा हट्ट आहे. भरलेल्या रकान्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही, हे मी इतरांच्या तक्त्यांत पुरेसे पाहिले आहे.

तारखांच्या वहीत म्हणून दोन रकाने ठेवले. पहिला स्क्रिप्ट भरते, दुसरा मी, जंत्री उघडून. दुसरा फार हळू भरतो.

जाता जाता, ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. सुरुवात सुहूर सनापासून करू नका, शकापासून करा. तिथे आकडे असतात आणि साचा एका ओळीत बसतो. पुढच्या थ्रेडमध्ये मोडी. २०१४ पासून तिला युनिकोडमध्ये स्वतःचा पट्टा मिळाला आहे आणि त्या चौकोनांत तिचे काय होते, ते पाहायला मी आजच रात्री बसणार आहे.