जित्याची खोड

व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या माझ्या सेटिंग्जची व्हिमआरसी फाईल नव्या लॅपटॉपवर न्यावी की कोऱ्या व्हिमनंच सुरुवात करावी, हे दोन दिवस झाले ठरत नाही. काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर टर्मिनलमध्ये ती उघडली आणि ओळ न् ओळ वाचली. एका ओळीमुळे जे आणि के लागोपाठ दाबले की एस्केप होतं. दुसरी टॅबच्या जागी चार स्पेस टाकते. तिसरी कशासाठी लिहिली होती, ते आठवत नाही. पुसायला मात्र हात धजावत नाही.

"जित्याची खोड हाय बाप्पा, मेल्याबिगर जात नाई," बाबा म्हणायचे. काल ती म्हण अपुरी वाटली. व्हिममध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल वापरतात. बिल जॉयनं १९७६च्या सुमारास बर्कलीत व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला, तेव्हा त्याच्यासमोरच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. ते टर्मिनल कधीच कालबाह्य झालं. १९९१मध्ये व्हिम आणणारे ब्राम मोलेनारही २०२३मध्ये गेले. आणि इथे अमरावतीत माझी बोटं कधी न पाहिलेल्या त्या बाणांवर फिरताहेत. मग ही खोड कुणाची?

बाबा अकोल्यात एका अडत्याकडे दिवाणजी होते. रुईचा भाव ते खंडीतच बोलत. खंडी म्हणजे ७८४ पौंड, आताचे ३५६ किलो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. शेर गेला, पौंड गेला, पण रुईचे सौदे अजून खंडीतच होतात. बाबांचा हिशेब बोटांवर चाले. अंगठा पेरांवरून सरकायचा: एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. ओठ हलायचे, आवाज नसायचा. कॅल्क्युलेटर शेजारीच पडलेला असे, तो नंतर पडताळ्यापुरता. कापूस घेऊन आलेला शेतकरी कॅल्क्युलेटरकडे बघत नसे, त्या अंगठ्याकडे बघत उभा राही.

शेवटच्या महिन्यात बाबांना आमची नावं आठवेनाशी झाली. अंगठा तेवढा पेरांवरून फिरत राहायचा. कापूस मोजत होते, दिवस मोजत होते, की नुसताच हात चालत होता? कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पहाटे नव्या लॅपटॉपवर कोरा व्हिम उघडून पाहिला. एक वाक्य लिहिलं आणि सवयीनं जे-के दाबलं. एस्केप झालं नाही, वाक्याच्या शेपटाला ती दोन अक्षरं चिकटली. पुसली. पुढच्या वाक्यानंतर पुन्हा तेच. खोड त्या फाईलमध्ये आहे, असं मी धरून चाललो होतो. ती तिथे नसेल, तर फाईल नेऊन मी नक्की काय नेणार आहे?

तिसरी ओळ अजून आहे तशीच आहे.