फणसाचा डाव

लाकडी डाव मोडतो तो बहुतेक वेळा मानेत, म्हणजे दांडा संपून वाटी सुरू होते त्या जागी. तिथं लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या गेल्या असतील, तर घट्ट पिठलं घोटताना कधीतरी कट्कन आवाज येणारच. म्हणून डाव कोरायला घेताना मी आधी आकार आखत नाही. लाकूड उजेडात धरतो आणि रेषा कुठून निघून कुठं जातात ते बघत बसतो. वाकडी फांदी मिळाली तर आनंदच. वाकणातल्या रेषा फांदीबरोबर वळलेल्या असतात, आणि डावाची मान नेमकी त्या वळणात बसवली की दांड्याच्या टोकापासून वाटीच्या काठापर्यंत रेषा कुठंही तुटत नाही. असा डाव दिसायला बारीक, पण पंचवीस माणसांच्या आमटीलाही दाद देत नाही.

आमच्या कोकणात फणसाला तोटा नाही. पावसाच्या तोंडावर कौलांवर येणाऱ्या फांद्या लोक उतरवतात. मनगटाहून जाड आणि वाकडी फांदी त्यांच्या लेखी जळण असते, मी ती मागून आणतो. ओल्या फणसाला चीक फार. फळ फोडताना बायका हाताला आणि विळीला खोबरेल चोळतात, तसंच मीही पटाशीला चोळतो, नाहीतर पातं चिकटून बसतं. साल काढली की बाहेरचं लाकूड फिकट दिसतं आणि आत हळदीसारखा पिवळाधमक गाभा. हा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला याच गाभ्याचा रंग पूर्वापार वापरत आले आहेत.

फांदी करवतीने चिरण्यापेक्षा पाचर ठोकून फोडलेली बरी. करवत रेषांची पर्वा करत नाही, पाचर मात्र रेषेरेषेने जाते, आणि लाकूड आतून कसं आहे ते तेव्हाच कळतं. अगदी मधला मऊ मगज काढून टाकायचा. तो आत राहिला तर सुकताना तिथूनच तडा जातो. मग वाकसाने ढोबळ आकार काढायचा आणि गोल पटाशीने वाटी खोदायची. वाटी खोदताना रेषांना आडवं जावं लागतं. रेषेच्या दिशेने पटाशी चालवली तर ती आत घुसते आणि समोरच्या काठाचा टवका उडतो. दोन्ही काठांकडून मध्यापर्यंत यायचं, ढलप्या पातळ पडू द्यायच्या. पटाशीला धार असेल तर ढलपी सळसळत गुंडाळी होऊन निघते आणि मागे राहिलेला भाग चमकतो. धार बोथट असेल तर लाकूड चुरडलं जातं आणि पृष्ठभाग मातकट दिसतो. तो दोष पॉलिश पेपरने झाकता येतो, पण पाणी लागलं की पुन्हा वर येतो.

ओल्यातच कोरलेला डाव लगेच उन्हात ठेवू नये. भुशात किंवा ढलप्यांत पुरून सावलीत ठेवायचा, म्हणजे ओल सावकाश जाते. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. रुंदीत आकसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही: वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. जुना पोळपाट अचूक गोल राहत नाही, किंचित लांबट होतो, तो याच कारणाने. तो दोष नाही, एका फळीतून कातलेल्या पोळपाटाची ती खूण आहे.

लाकूड कोणतं घ्यावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. डाव आणि कालथ्याला फणस. काठवटीला शिवण, कारण ती हलकी असते आणि फारशी वाकत नाही. लाटण्याला बाभूळ किंवा शिसव, कारण त्याला वजन हवं. पण शिसवीची झाडं आता कमी झाली आहेत. नवीन शिसव मी विकत घेत नाही, मोडक्या पलंगाचा पाय मिळाला तर त्यातून लाटणं काढतो. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो त्यालाही कारण आहे: चिंच इतकी चिवट की सुऱ्याच्या घावांनी तिचा चुरा पडत नाही. काजऱ्याला मात्र भांड्यासाठी हात लावू नये. त्याच्या बिया आणि साल विषारी आहेत.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगांचं लाकूडकाम पाहत उभं राहावं असं असतं. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. लाटण्याच्या मुठीवर ती शोभते आणि टिकतेही. उकळत्या आमटीत जाणाऱ्या डावावर ती नको, कारण पाणी उकळण्याच्या बरीच आधी लाख मऊ पडते. व्हार्निशला तर स्वयंपाकघरात जागाच नाही. वापरात त्याचा पापुद्रा तडकतो, पाणी खाली शिरतं, वर येऊ शकत नाही आणि लाकूड आतून काळं पडतं.

लाकडाला तेल हवं. जवसाचं कच्चं तेल सगळ्यांत उत्तम, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन रंध्रांतच घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल घेऊ नका, त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाची चिंधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवावी. खोबरेल सुकत नाही, पण लवकर खवटही होत नाही, म्हणून आमच्याकडे तेच चालतं. शेंगदाण्याचं आणि सूर्यफुलाचं तेल चिकट होतं आणि वास धरतं.

लाकडात जंतू राहतात, असं सांगून अनेकांनी घरातले पाट काढून टाकले. विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लॅस्टिकच्या पाटांवर रोगजंतू टाकून पाहिले. १९९४ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. लाकडावरचे जंतू खाली ओढले गेले आणि पृष्ठभागावर पुन्हा फारसे सापडले नाहीत. सुरीचे चरे पडलेलं प्लॅस्टिक मात्र हाताने धुऊन स्वच्छ होईना. म्हणून मटणाचा पाट न धुता ठेवावा असं नव्हे. पण लाकडावरचा सरसकट आरोप खोटा आहे, हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं.

लाकडाला धुतलेलं सोसतं, भिजत पडलेलं सोसत नाही. सिंकमध्ये रात्रभर पाण्यात राहिलेला डाव एका बाजूने फुगतो आणि सुकताना चिरतो. काम झालं की धुवा, पुसा आणि उभा ठेवा, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागतो. हळदीच्या पिवळ्या डागाला घासत बसू नका, सकाळच्या कोवळ्या उन्हात तो आपोआप उडतो. ओला डाव लोखंडी कढईत राहिला तर काळा डाग पडतो, कारण लाकडातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडते. त्याला लिंबाची फोड चोळा. श्रावणात बुरशीची पांढरी लव आली तर मीठ चोळून गरम पाण्याने धुवा आणि चुलीजवळ, पण आचेपासून लांब, नीट सुकू द्या.

तुमच्या घरी माळ्यावर आजीचा पोळपाट किंवा काठवट धूळ खात पडली असेल, तर ती खाली काढा. कोमट पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, कोमट खोबरेल चोळून रात्रभर ठेवा आणि सकाळी जादा तेल पुसून घ्या. आरपार तडा गेला नसेल, तर त्याच दिवशी त्यावर पोळ्या लाटता येतात.